सत्ताविसावी वाट

सोमवारी साडेबाराच्या सुमाराला ओवेसनं दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा धनंजय शिवगणनं डब्याचं झाकण नुकतंच उघडलं होतं. वालाच्या उसळीचा वास टेबलावर पसरत होता. झाकण तसंच उघडं टाकून तो उठला आणि केबिनच्या दारापर्यंतच्या दहाबारा पावलांत त्याच्या मनात एवढंच आलं की उसळ गार होणार. ह्या गोष्टीचं त्याला पुढं कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. माणसाला काहीतरी आधी कळायला हवं, पोटात गोळा यायला हवा, निदान डोळा लवायला हवा. आपल्याला काहीच कळलं नाही, आपण उसळीचा विचार करत आत गेलो. रेहान काझी आधीच खुर्चीवर बसला होता. मॅनेजर ओवेस हैदराबादचा, आवाज कधी न चढवणारा. त्यानं स्क्रीन दोघांकडे वळवला आणि म्हणाला, "इंग्लंड से मेल है. रूट ट्वेंटी-सेव्हन. एक लेडी गिर गई." मग पूर्वी गावात पोस्टमन तार वाचून दाखवायचा तसा त्यानं इंग्रजी मजकूर सावकाश वाचला. बासष्ट वर्षांची बाई. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेली. बहिणीबरोबर चार दिवसांच्या सायकल-सहलीला आली होती. तिसऱ्या दिवशी, पुस्तिकेत 'सौम्य' म्हणून छापलेल्या सत्ताविसाव्या वाटेवर, रान संपतं तिथं जमीन एकाएकी खाली गेली. सायकल पुढच्या चाकावर उलटली. कमरेखाली आता काही हलत नाही आणि हलेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. सहल काढणाऱ्या तिकडच्या कंपनीला गुरुवारपर्यंत एवढंच हवं होतं, की त्या तुकड्याचा चढउतार कुणी पाहिला.

ओवेसनं नकाशा उघडला. उजव्या कोपऱ्यात आर. के. अशी बारीक अक्षरं होती. "रेहान, ये तो तुम्हारा है."

रेहाननं पुढं वाकून पाहिलं. "देखना पडेगा, ओवेसभाई. सत्ताईस मुझे याद नहीं आ रहा." मग मान वळवून तो मराठीत म्हणाला, "काका, तुम्हाला आठवतो का सत्तावीस?"

धनंजयला सत्तावीस स्वतःच्या तळहातासारखा आठवत होता. "बघावं लागेल," तो म्हणाला.

टेबलापाशी परत आल्यावर त्यानं डबा खाल्ला. सगळा खाल्ला. खिडकीबाहेर ओमानमधल्या रुसैल औद्योगिक वसाहतीतल्या गोदामांचे पत्रे उन्हात पांढरे पडले होते, समोरच्या कारखान्याची बस दुपारच्या पाळीची माणसं उतरवत होती, आणि निळ्या कपड्यांतली ती माणसं एकमेकांच्या सावलीत उभं राहायला बघत होती. ही कचेरी एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर होती. पूर्वी इथं तेलाच्या पाइपलाइनींचे, नव्या रस्त्यांचे नकाशे काढले जात. धनंजयनं अठ्ठावीस वर्षांत ह्या देशाच्या उजाड डोंगरांवरून किती रेघा ओढल्या त्याचा हिशेब नव्हता. मग ते काम आटत गेलं आणि पाच वर्षांपूर्वी ओवेसनं इंग्लंडचं हे काम आणलं. तिकडच्या खेड्यापाड्यांतून, टेकड्यांवरून, जाड टायरांच्या डोंगरी सायकली घेऊन लोक फिरतात. ह्या कंपनीकडे येणारे बहुतेक पन्नाशी-साठीचे असत, त्यांना दमछाक नको असे. मऊ चढ, मऊ उतार, वाटेत चहाची सोय आणि बघायला काहीतरी छान. कंपनी कच्च्या रेघा पाठवी. इथं त्यांचे नकाशे होत, चढउताराचे आलेख होत आणि कुठं वळायचं ते सांगणाऱ्या पुस्तिका होत. पहिल्या दिवशी धनंजयला हे काम हलकं वाटलं होतं. रत्नागिरीच्या आयटीआयमध्ये शिकलेल्या माणसानं म्हाताऱ्यांच्या सहलीचे नकाशे काढायचे. पण महिन्याभरात त्याला त्याची चटक लागली. उपग्रहाच्या चित्रांत तो शेताशेतांमधले दगडी बांध बघत बसे. बिनचुन्याचे, नुसते दगडावर दगड रचलेले. हे तर आपले गडगे, त्याला वाटलं होतं. आणि कुरणांच्या तोंडाशी लाकडी दांड्यांची फाटकं होती, त्यांना तो मनातल्या मनात बेडी म्हणे, कारण त्याच्या गावी घराच्या आवाराला तसंच दांड्यांचं बेडं असे आणि आलेला माणूस दांडा सरकवून आत येई. इंग्लंडला तो कधी गेला नव्हता, जाईल असंही नव्हतं. पण श्रॉपशरमधल्या कुठल्या घोडेवाटेला किती फाटकं आहेत, ओढा कुठं आडवा येतो, ओकचं एकटं झाड कुठल्या वळणावर आहे हे त्याला पाठ होतं. प्रभावती, त्याची बायको, गमतीनं म्हणायची, "तुमच्या इंग्लंडात आज काय झालं?" आणि तो खरंच सांगायचा. आज एक गाव लागलं, त्याला एकच गल्ली आहे. आज नदीच्या कडेनं बरंच लांब गेलो.

गेलो, असंच म्हणायचा तो. बसल्या जागी दिवसचे दिवस तो त्या हिरव्यातून जात असे आणि त्यात माणूस एकही नसे. उपग्रहाला माणसं दिसतच नाहीत, दिसलीच तर एखादी सावली. म्हणून की काय, त्या वाटांवरून कुणीतरी खरोखर जातं, हाडामांसाचं, गुडघे दुखणारं, हे तो जवळजवळ विसरूनच गेला होता. एकदा खरीफच्या, म्हणजे दक्षिण ओमानातल्या पावसाळ्याच्या, दिवसांत तो आणि प्रभावती गाडीनं सलालाहला गेले होते. डोंगर हिरवेगार झाले होते, धुकं होतं, आणि आखातभरचे लोक गाड्या रस्त्याकडेला लावून भिजत उभे होते. प्रभावतीनं गवतावर हात फिरवला आणि रडली. धनंजयला मात्र तिथं काहीच झालं नाही. इतकी माणसं, इतका चिखल, चटयांवरची चहाची भांडी. आपलं हिरवं जास्त नीट आहे, त्याला वाटून गेलं होतं. आता टेबलाशी बसून त्याला तो विचार आठवला आणि तोंडाला उसळीची कडवट चव आली.

वडील भूमी अभिलेखच्या कचेरीत शिपाई होते. मोजणीदार साहेबांबरोबर साखळी ओढायला जायचे. शेताच्या एका कडेला साहेब यंत्र लावून उभे आणि दुसऱ्या कडेला करवंदीच्या जाळीतून, काट्याकुट्यातून साखळी ओढत जाणारे वडील. संध्याकाळी त्यांच्या पोटऱ्यांवर ओरखडे असत आणि आई त्यांना खोबरेल लावी. वडिलांना नकाशा वाचता येत नव्हता, पण ते म्हणायचे, कागदावर रेघ मारणाऱ्यानं एकदा तरी त्या रेघेवरून अनवाणी चालावं. धनंजय नकाशाकाम शिकायला गेला तेव्हा त्यांना आनंद झाला होता, की आता काटे लागायचे नाहीत. काटे खरोखरच लागले नाहीत. छप्पन्न वर्षांचा झाला तो. तळपाय बाईच्यासारखे मऊ राहिले.

सत्तावीस त्यानं काढला तो अकरा महिन्यांपूर्वीच्या एका शनिवारी. सुट्टीचा दिवस होता. प्रभावतीकडे ब्लाउज शिवून घ्यायला बायका आल्या होत्या, घरात मापं नि गप्पा चालल्या होत्या, आणि कचेरीत एकट्यानं बसायला त्याला आवडायचं. त्याच्या स्वतःच्या नावाचं नकाशाचं सॉफ्टवेअर त्या महिन्यात बंद पडलं होतं, नवा परवाना आला नव्हता, म्हणून रेहाननं आपला पासवर्ड दिला होता. "वापरा काका, कोण विचारतंय," तो म्हणाला होता आणि नेहमीसारखा गुरुवारी संध्याकाळीच सासरी, दोन तासांवरच्या खाबुऱ्याला, निघून गेला होता. कंपनीनं पाठवलेली रेघ त्या ठिकाणी डांबरी रस्त्यानं जात होती. चार किलोमीटर रटाळ रस्ता, दोन्ही बाजूंना कुंपण. आणि उजव्या हाताला, अगदी लागून, ॲशकोम नावाचं एक जुनं रान होतं आणि त्यातून एक घोडेवाट गेलेली. वसंतात त्या झाडांखाली निळ्या फुलांचा सडा पडतो, हे त्यानं कुणाच्या तरी फोटोंत पाहिलं होतं. रान संपलं की सगळी दरी एकदम समोर. कंपनीचं सांगणंच होतं, जमेल तिथं वाट जास्त सुंदर करा. त्यानं रेघ उचलली आणि रानातून नेली. आलेख सपाट आला. दर पन्नास मीटरला जमिनीची एक उंची मिळते, दोन उंचींच्या मध्ये काय आहे ते यंत्र विचारत नाही. पण धनंजय जुन्या वळणाचा माणूस. त्यानं सवयीनं शंभर वर्षांपूर्वीचा नकाशाही उघडला. रानाच्या कडेला, वाट बाहेर पडते बरोबर तिथं, एक दातेरी रेघ होती. कंगव्याचे दाते असावेत तशी. ती चुनखडीच्या खाणीची खूण असते, हे त्याला कळत होतं. त्यानं पाहिलं. किती वेळ पाहिलं असेल? मिनिटभर, नाहीतर त्याहूनही जास्त. खाण केव्हाची बंद झाली असेल, बुजली असेल, आता नुसतं गवत असेल. इंग्लंडवाले छापण्याआधी त्यांचा माणूस सायकलवर पाठवून वाट तपासतातच. समासात प्रश्नचिन्ह टाकावं असं मनात आलं आणि त्यानं टाकलंही. मग ते त्याला बघवेना. एवढी देखणी वाट, आणि तिच्या अंगावर हे लाल प्रश्नचिन्ह. विचारलं तर ते रेघ परत रस्त्यावर नेणार, घाबरट असतात. त्यानं ते चिन्ह पुसलं. पुसताना कुणी हात धरला नव्हता, घाई नव्हती, अंगात ताप नव्हता. नंतर त्यानं चहा करून घेतला होता.

मंगळवारी सांगू असं त्यानं ठरवलं. मंगळवारी सकाळी रेहान जुन्या फायली काढून बसला होता, त्याच्या खांद्यावरून धनंजयला निळा स्क्रीन दिसत होता, आणि ओवेस अर्बाबला, कचेरीच्या ओमानी मालकाला, घेऊन बाहेर गेला होता. बुधवारी ओवेस होता, पण दाराशी दोन माणसं उभी होती. धनंजय एकदा उठून पाणी प्यायला गेला. परत आला. आपण सांगणार आहोत ह्याबद्दल त्याला यत्किंचितही शंका नव्हती, हेच विचित्र होतं. त्याचे शब्द तयार होते. ओवेसभाई, वो मैंने किया है. एवढं सोपं वाक्य. तो ते जिभेवर घोळवत टेबलाशी बसे, आणि त्या घोळवण्यानंच जणू अर्धं ओझं उतरे, आणि उरलेल्या अर्ध्यासह तो घरी जाई. हमरस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली असे. समोरच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत त्याला ती बाई दिसे. चेहरा नव्हता तिला. पांढरे केस हेल्मेटमधून बाहेर आलेले, आणि बहिणीला मागं वळून ती काहीतरी म्हणतेय. फुलांबद्दलच असणार. म्हणजे तिनं फुलं पाहिली होती. तिला दरी दिसली असणार, अगदी एक क्षण, आपण दाखवायची ठरवली होती तशीच. गाडी हळूहळू पुढं सरके आणि धनंजयच्या मांड्या एकदम जड होत. तो क्लचवरचा पाय उचलून पुन्हा ठेवून बघे, हलतोय का.

बुधवारी संध्याकाळी त्यानं प्रभावतीला सांगितलं. ती मशीनवर बसली होती. सगळं ऐकेपर्यंत तिनं टीप मारणं थांबवलं नाही, फक्त वेग कमी केला.

"रेहानला माहितेय?" तिनं विचारलं.

"नाही. त्याला वाटतंय त्याच्याच हातून झालं असेल. शोधत बसलाय."

"मग सांगा ना."

"सांगणारच आहे."

तिनं दोरा तोडला. कापड उलटं करून शिवण तपासली. मग म्हणाली, "झरीनची मुलगी चौथीत आहे ना आता?" झरीन रेहानची बायको. दिवाळीला ती प्रभावतीकडून चकल्या घेऊन जायची. धनंजयनं मान हलवली. प्रभावतीनं कात्री हातात घेतली. "सांगितलंत, तर नोकरी जाणार, व्हिसाही जाणार. मग आपण कुठं जायचं हो? रत्नागिरीत आपलं आता आहे कोण?" ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नव्हती. खरंच विचारत होती. मूलबाळ नव्हतं, भावानं घर केव्हाच विकलं होतं, आणि ह्या दोन खोल्यांत अठ्ठावीस वर्षं गेली होती. कात्री खाली ठेवून ती म्हणाली, "तरी सांगा. मी म्हणाले म्हणून थांबलात, असं नको." आणि ती भात टाकायला उठली. धनंजयला वाटलं, तिनं थांबा म्हणायला हवं होतं. निदान मग राग धरायला कुणीतरी मिळालं असतं.

गुरुवारी दुपारी दोन वाजता ओवेसनं रेहानचं नाव पाठवलं. धनंजयनं त्याला बटण दाबताना पाहिलं, काचेतून. दहाबारा पावलांचं अंतर होतं. त्याच्या मनात शब्द तयारच होते आणि तो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन थोडा उठलाही होता. मग ओवेसनं चष्मा काढून डोळे चोळले, आणि धनंजय परत खाली बसला. इतकंच झालं. तीन वाजता रेहान बॅग खांद्याला लावून त्याच्या टेबलाशी थांबला. काही बोलेल असं वाटलं. "येतो काका," म्हणाला आणि खाबुऱ्याला गेला.

शुक्रवारी सकाळी धनंजयही खाबुऱ्याला निघाला. प्रभावतीनं कुठं म्हणून विचारलं नाही, पाण्याची बाटली भरून दिली. बातिनाच्या किनारपट्टीचा रस्ता सरळसोट, डाव्या हाताला लांबवर डोंगर, उजव्या हाताला खजुराच्या बागा आणि मध्येच समुद्राचा खारट वास. दोन तास तो एकच वाक्य मराठीत जुळवत होता. हिंदीत सोपं होतं ते, मराठीत जड जात होतं. रेहानच्या सासऱ्याचं बाजारात दोऱ्या-जाळ्यांचं दुकान होतं, तिथं विचारत विचारत तो पोचला तेव्हा नमाजाला अजून अवकाश होता. दुकानात रेहान एकटाच होता आणि गल्ल्याजवळच्या स्टुलावर त्याची मुलगी सबीहा वहीत काहीतरी रंगवत बसली होती. श्रीवर्धनच्या ह्या माणसाला धनंजय दहा वर्षं ओळखत होता, पण सदरा-लुंगीत त्यानं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"बसा काका," रेहान म्हणाला. आश्चर्य त्याला वाटलेलं दिसलं नाही. "सबीहा, काकांना पाणी दे."

"अंकल, वॉटर... पाणी थंड पाहिजे का साधा?" मुलीनं अडखळत विचारलं. धनंजयनं साधं म्हणून सांगितलं. ती आत गेली.

"रेहान, तो सत्तावीस मी केला होता."

"माहितेय मला."

बाहेरून मासळीची गाडी गेली. रेहान दोरीचं वेटोळं उचलून फळीवर नीट लावत राहिला. "मंगळवारीच कळलं. फाईलवर तारीख असते काका. शनिवार. शनिवारी मी इथं होतो, ह्याच स्टुलावर." त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, कचेरीत चहा हवा का विचारताना असायचा तसा. "तुम्ही सांगाल म्हणून थांबलो. काल दोन वाजेपर्यंत थांबलो."

"तू का नाही सांगितलंस?"

"पासवर्ड मी दिलेला. ते सांगितलं तरी मी गेलोच असतो. आणि कसं आहे, मी बोललो असतो तर ते बोट दाखवणं झालं असतं. तुम्ही बोलला असतात तर..." त्यानं दुसरं वेटोळं उचललं. "ओवेसभाईंनाही तारीख दिसते. त्यांनी विचारलं नाही मला, आणि तुम्हालाही नाही."

"मी रविवारी सांगतो. सगळं सांगतो."

"सांगा," रेहान म्हणाला. "तुम्हाला बरं वाटेल."

सबीहानं पाणी आणलं. धनंजय ते उभ्यानं प्यायला. रेहाननं जेवून जा म्हटलं, रीत म्हणून म्हटलं, आणि धनंजय नको म्हणाला. दुकानाच्या पायरीवर तो काही वेळ उभा राहिला, रेहाननं शिवी द्यावी, कॉलर धरावी म्हणून वाट बघत. आत रेहान मुलीला वहीतलं काहीतरी समजावत होता, घोड्याला चार पाय असतात, तू पाच काढलेस. परतीच्या रस्त्यावर ऊन समोरून डोळ्यांत येत होतं. कुठल्याशा पेट्रोलपंपावर तो थांबला आणि गाडीतच बसून राहिला. आपण रडू असं त्याला वाटलं होतं. रडू आलं नाही. वाऱ्यानं पंपावरचे झेंडे फडफडत होते, एक बाई दोन मुलांना हाताला धरून मोरीकडे नेत होती, आणि त्याला सारखं वाटत राहिलं की ही सगळी माणसं आपल्यापेक्षा जास्त घट्ट जमिनीवर उभी आहेत.

रविवारी आठ वाजता ओवेस आला तसा धनंजय त्याच्या मागोमाग केबिनमध्ये शिरला आणि वाक्य बोलून टाकलं. ओवेसनं लॅपटॉपची बॅग टेबलावर ठेवली. दार लावून घेतलं.

"शिवगण साब, उन्होंने एक नाम माँगा था. एक नाम भेज दिया." त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. "अब दूसरा भेजूँ तो बोलेंगे, इनको खुद नहीं मालूम कौन क्या करता है. काम पूरा जाएगा. ग्यारह लोग हैं यहाँ."

"लेकिन गलती मेरी है."

"है. मुझे डेट दिखी थी." ओवेसनं क्षणभर त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि नजर काढून घेतली. "आप गुरुवार को बोलते, तो मुझे करना पड़ता. आप नहीं बोले, मैंने समझा आप भी यही चाहते हैं. अब खलास. रेहान को दूसरी जगह बात करके देखता हूँ, इन्शाल्ला." त्यानं बॅगेची चेन उघडली. "जाइए, काम कीजिए."

मी तसं चाहत नव्हतो, असं धनंजयला म्हणायचं होतं. केबिनच्या बाहेर येऊन तो तेच ताडून बघत उभा राहिला. खरंच चाहत नव्हतो का? आत कुठंतरी, चहा करून घेताना, पाणी प्यायला उठताना, भाताचा वास येताना, हे असंच मिटावं असं मन म्हणत नव्हतं का? वडील असते तर त्यांनी काय केलं असतं हे त्याला कल्पनेनंही बघता येईना. साखळी हातात धरून ते करवंदीत पाठमोरे उभे होते आणि वळत नव्हते. त्या बाईला पत्र लिहावं असं एक दिवस त्याच्या मनानं घेतलं. तीनदा लिहिलं. मी ओमानमध्ये राहतो, मी तुमची वाट आखली, असं इंग्रजीत लिहिल्यावर पुढं काही सुचेना. शिवाय तिचं नाव मेलमध्ये नव्हतंच.

रेहान महिनाअखेरीला श्रीवर्धनला परत गेला. दुसऱ्या जागेचं काही जमलं नाही. शाळेचं वर्ष संपायला सात आठवडे होते, म्हणून झरीन आणि सबीहा तेवढ्यापुरत्या खाबुऱ्याला राहिल्या, एवढं प्रभावतीला बायकांकडून कळलं. त्यानंतर तिनं इंग्लंडबद्दल कधी विचारलं नाही. कचेरीत रेहानच्या टेबलावर प्रिंटर ठेवण्यात आला. तिकडच्या कंपनीनं काम चालू ठेवलं; माणूस काढला म्हणून त्यांनी आभार मानले आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस वाटा पुन्हा तपासून मागितल्या. ओवेसनं ते धनंजयकडे दिलं. तो म्हणाला, आपसे अच्छा कौन करेगा, आणि त्यात टोमणा नव्हता.

धनंजयनं पहिल्यापासून सुरुवात केली. दर दोन मीटरला उंची घेतली, जुने तीन-तीन नकाशे उघडले, लोकांनी टाकलेले फोटो एकेक करून पाहिले. आठवड्यामागून आठवडे गेले. बाहेर उन्हाळा चढत गेला आणि दुपारी गोदामांचे पत्रे तडतडू लागले. चूक कुठंच निघेना. बाकीच्या बेचाळीस वाटा, बहुतेक त्याच्याच हातच्या, अचूक होत्या, काही तर हातभर अंतराइतक्या. ह्यानं त्याला बरं वाटायला हवं होतं. उलट त्याला आणखी गारठल्यासारखं झालं, कारण म्हणजे त्याला येत होतं; अजाणतेपणी झालं असं म्हणायलाही जागा उरली नाही. चौथ्या वाटेवर एका टेकडीच्या कडेशी थोडी जास्त घसरण वाटली म्हणून त्यानं रेघ उचलून खालच्या रस्त्यावर ठेवली. त्याला कारण होतं. नवव्या वाटेवर ओढ्यातून जायचं होतं, पाणी वाढलं तर, म्हणून तीही रस्त्यावर आणली. तेही पटण्यासारखं होतं. अकराव्या वाटेला कारण शोधावं लागलं. विसाव्यानंतर तो कारणं शोधेनासा झाला. रान दिसलं की त्याचा हात आपोआप जाई आणि रेघ अलगद निघे, जखमेवरची पट्टी निघावी तशी, आणि डांबरावर जाऊन बसे. गडगे गेले, फाटकं गेली, ओकची झाडं मागं राहिली. ओवेसनं मध्येच तिकडून आलेलं उत्तर वाचून दाखवलं. फार स्पष्ट, फार सुरक्षित, असंच चालू द्या. ओवेस खूश होता. धनंजयनं मान हलवली आणि पुढची फाईल उघडली.

त्रेचाळिसावी वाट नदीच्या काठानं होती. साठ वर्षांपूर्वी बंद पडलेल्या आगगाडीच्या रुळांची ती जागा. रूळ उखडून नेलेले, नुसता मऊ मातीचा पट्टा उरलेला, दोन्ही बाजूंना विलो झुकलेले. ह्याहून सौम्य वाट इंग्लंडात नसावी. एवढासाही चढ नव्हता. धनंजयनं ती तीन दिवस तपासली. प्रत्येक पुलाचे कठडे मोजले, मग संपूर्ण वाट पुन्हा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. एका वळणावर पाण्यात आकाशाचा तुकडा पडला होता आणि काठाला कुणाची तरी लाल होडी उलटी घालून ठेवली होती. तिथं त्याची नजर थोडी थांबली. मग त्यानं रेघ धरली आणि पलीकडच्या रस्त्यावर नेली. तो रस्ता एका शीतगृहाच्या मागून, ट्रक उभे करायच्या जागेवरून, पुढं साडेतीन किलोमीटर सरळ जात होता. कुठं वळायचं त्या सूचना त्यानं लिहिल्या. दोनच लिहाव्या लागल्या. खाली 'वाटेत पाहण्यासारखं' म्हणून एक मोठा रकाना होता. एके काळी तो भरण्यात त्याचा अर्धा अर्धा दिवस जाई. त्यानं तो मोकळा ठेवला, फाईल पाठवून दिली आणि डबा काढला.